वर्दी उतरवल्यावर जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी व्हायचं असेल तर

फौजेतून बाहेर पडताना माजी सैनिकांसाठीच काम करायची इच्छा असलेल्या अधिकाऱ्याला महाराष्ट्रात सगळ्यात सरळ वाट म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी हे पद. तरीही बहुतेक जण या वाटेला उशिरा लागतात, आणि भलत्याच अपेक्षा घेऊन येतात. ज्याने पंधरा-वीस वर्षं हुकूम दिले, त्याच्या हाताखाली इथे एक-दोन लिपिक, एखादा कल्याण संघटक आणि चालू असेल तर एक गाडी. समोरच्या बाकड्यावर बसलेल्या माणसांच्या पिशवीत चाळीस वर्षांपूर्वीचे कागद. तुमच्या हुद्द्याची किंमत एवढीच, की तुमच्या सहीचं पत्र गेलं तर रेकॉर्ड ऑफिसात, म्हणजे जवानांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या सेनेच्या कार्यालयात, पडून असलेलं प्रकरण जागचं हलण्याची शक्यता वाढते. हे पटत असेल तर पुढे वाचा. युनिटमधला रुबाब परत हवा असेल तर खासगी कंपनीतली सिक्युरिटी हेडची नोकरी बरी. पगारही जास्त असतो.

आधी नकाशा

दिल्लीत संरक्षण मंत्रालयाचा माजी सैनिक कल्याण विभाग आहे. तो २००४ साली वेगळा झाला. त्याच्याखाली तीन मोठी घरं: पुनर्वसन महासंचालनालय, म्हणजे डीजीआर, केंद्रीय सैनिक बोर्ड, आणि ईसीएचएसची, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेची, केंद्रीय संघटना. राज्यात सैनिक कल्याण विभाग आहे. त्याचं मुख्यालय पुण्यात, घोरपडीजवळच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकासमोर, ‘रायगड’ इमारतीत. मंत्रालयात हा विभाग सामान्य प्रशासन विभागाच्या अखत्यारीत येतो. जिल्ह्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, आणि तिथले तुम्ही.

या कार्यालयांच्या खर्चाचा ६० टक्के वाटा केंद्र उचलतं, उरलेला राज्य. म्हणून अनेकांना वाटतं की आपण अर्धे फौजेचेच राहू. तसं नाही. रजा, पगार, बदली, गोपनीय अहवाल सगळं राज्य सरकारचं. जिल्हाधिकारी जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्ष असतात, तुम्ही सचिव. तुमच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान जिल्हाधिकारी समोर असेल आणि त्याला ‘सर’ म्हणायचं आहे. कर्नल पदावरून आलेल्यांना हे पहिल्या महिन्यात जड जातं, असा माझा अनुभव.

बाकीच्या वाटा थोडक्यात. ईसीएचएस पॉलिक्लिनिकचा प्रभारी अधिकारी हे कंत्राटी काम आहे. जाहिरात स्टेशन हेडक्वार्टर काढतं, मुलाखत तिथेच होते, कंत्राट मुदतीचं असतं. घराजवळ काम हवं असेल आणि पेन्शनवर भागत असेल तर उत्तम. पुण्याचं महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळ, म्हणजे मेस्को, मुख्यतः सुरक्षारक्षक पुरवण्याच्या कामात आहे. तिथे अधिकाऱ्याला व्यवसाय सांभाळावा लागतो, कल्याण नव्हे. सेनेतच पुनर्नियुक्ती घेऊन रेकॉर्ड ऑफिस किंवा स्टेशन हेडक्वार्टरमध्ये काही वर्षं काढणारेही बरेच आहेत. पुढे जिल्हा कार्यालयात यायचं असेल तर त्या खुर्चीत शिकायला मिळतं तेवढं दुसरीकडे कुठे मिळत नाही. पुढचा सगळा मजकूर मात्र जिल्ह्याच्या पदाबद्दल.

पायरी १ : वयाचं गणित आधी मांडा

लेफ्टनंट कर्नल आणि कर्नल ५४व्या वर्षी निवृत्त होतात, ब्रिगेडियर ५६व्या. राज्य सेवेत गट अ ते क साठी नियत वयोमान साधारण ५८. आता हिशेब करा. ५४व्या वर्षी बाहेर पडलात, जाहिरात निघायला वर्ष गेलं, निवड होऊन आदेश हातात यायला आणखी वर्ष गेलं, तर खुर्चीत किती राहणार? पूर्ण मुदत भरून बाहेर पडणाऱ्यांसाठी ही वाट म्हणूनच अरुंद आहे. खरी संधी आहे ती शॉर्ट सर्व्हिस कमिशनचे, म्हणजे ठरावीक वर्षांसाठीच नेमलेले, अधिकारी आणि वीस वर्षं पुरी करून पेन्शनवर लवकर बाहेर पडणारे मेजर, लेफ्टनंट कर्नल यांना. पस्तीस-चाळिशीत येणाऱ्या माणसापुढे पंधरा-वीस वर्षांची कारकीर्द असते, आणि जिल्ह्याला असा माणूस जास्त उपयोगी पडतो.

वयाची सवलत, हुद्द्याची अट, अधिवास या तीन गोष्टी जाहिरातीत जशा छापल्या असतील तशाच खऱ्या. मित्राच्या वेळी काय होतं, यावर विसंबू नका.

पायरी २ : बाहेर पडण्याचा अर्ज करण्याआधी ‘माजी सैनिक’ ठरता का ते बघा

कोर्सच्या ग्रुपवर याची चर्चा क्वचितच होते, आणि यात फसलेले अधिकारी भेटतात.

केंद्राच्या १९७९च्या पुनर्नियुक्ती नियमांत माजी सैनिक कोण, हे ठरवून दिलेलं आहे. पेन्शन मिळवून निवृत्त झालेला माणूस त्यात येतो, मग तो मुदतीआधी स्वतःच्या विनंतीवरून का निघालेला असेना. ठरलेली मुदत पुरी करून ग्रॅच्युइटी घेऊन निघालेला शॉर्ट सर्व्हिसचा अधिकारीही येतो. सेवेमुळे आलेल्या वैद्यकीय कारणावरून निघालेलाही येतो. पण शॉर्ट सर्व्हिसची मुदत संपण्याआधी राजीनामा देऊन, पेन्शनशिवाय निघालेला येत नाही. दहा वर्षांच्या मुदतीतली सात झाली, बाहेर चांगली ऑफर आली, दिला राजीनामा. आणि दोन वर्षांनी सरकारी जाहिरात बघून जिल्हा कार्यालयात ओळखपत्र मागायला आला, की त्याला परत पाठवावं लागतं. त्याने सीमेवर काढलेली वर्षं खोटी ठरत नाहीत, पण नियमाच्या पुस्तकात तो माजी सैनिक नसतो. तेव्हा अर्ज लिहिताना ‘राजीनामा’ आणि ‘मुदतपूर्व निवृत्ती’ यांतला फरक अॅडज्युटंटला विचारून नव्हे, नियम काढून वाचा.

आरक्षणाबद्दलही गैरसमज फार. केंद्रात माजी सैनिकांसाठी गट क मध्ये १० टक्के जागा राखीव असतात. महाराष्ट्रात गट क आणि ड मध्ये १५ टक्के समांतर आरक्षण आहे. ही तरतूद मुख्यतः जवान आणि जेसीओंच्या (सुभेदारासारखे ज्युनियर कमिशन्ड अधिकारी) उपयोगाची. केंद्राच्या गट अ आणि ब मध्ये कमिशन्ड अधिकाऱ्याला, निमलष्करी दलांतल्या असिस्टंट कमांडंटचा अपवाद सोडला तर, आरक्षण नसतं. पाच वर्षांची वयसवलत मिळते. जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्याचं पद या हिशेबात बसत नाही. ते माजी अधिकाऱ्यांसाठीच असल्याने स्पर्धा आपसांतच असते.

पायरी ३ : कागद, दोन वर्षं आधीपासून

सेवेत असताना अर्ज करायचा तर ना-हरकत प्रमाणपत्र लागतं आणि ते वरच्या मुख्यालयातून येतं, म्हणजे वेळ धरून चला. निवृत्तीचा आदेश, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि पदवीचं प्रमाणपत्र तर हवंच. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून आलेल्यांची पदवी जेएनयूची असते, तिची मूळ प्रत शोधून ठेवा. सतरा बदल्यांत ती कुठल्या काळ्या ट्रंकेत गेली ते शेवटच्या दिवशी आठवत नाही.

महाराष्ट्राच्या सेवेसाठी तीन कागद फौजी माणसाकडे हमखास नसतात. अधिवास प्रमाणपत्र, कारण आयुष्य बाहेर गेलं. एमएस-सीआयटी किंवा शासनाने मान्य केलेली समकक्ष संगणक परीक्षा. आणि मराठी. राज्य सेवेत रुजू झाल्यावर मराठी आणि हिंदी भाषा परीक्षा उत्तीर्ण व्हाव्या लागतात. दहावीला मराठी असेल तर त्यातून सूट मिळू शकते, म्हणून दहावीची गुणपत्रिका जपा. मराठी घरातले पण सैनिक शाळेत आणि मग डेहराडूनला शिकलेले अधिकारी इथे अडकतात. मराठी बोलतात झकास, पण ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ लिहायची वेळ आली की पेन थांबतो.

नाव सगळीकडे एकच आहे ना, तेही बघा. फौजेत वडिलांचं नाव मध्ये न लावता लिहिलेलं, आधारवर पूर्ण नाव, पॅनवर आद्याक्षरं. दुसऱ्यांच्या नावांतले घोळ सोडवायची नोकरी तुम्ही करणार आहात, तेव्हा स्वतःचा घोळ आधी मिटवा.

शेवटच्या दोन वर्षांत डीजीआरतर्फे पुनर्वसन प्रशिक्षण मिळतं. अधिकाऱ्यांसाठी आयआयएमसारख्या संस्थांत २४ आठवड्यांचे व्यवस्थापन अभ्यासक्रम असतात. फीचा काही भाग अधिकारी भरतो, बाकी सरकार. या पदासाठी त्याची गरज नाही. माझं मत विचाराल तर त्या सहा महिन्यांतला एक आठवडा स्वतःच्या जिल्ह्याच्या सैनिक कार्यालयात, नुसतं बाकड्यावर बसून घालवा. लोक काय घेऊन येतात आणि काय घेऊन परत जातात, ते बघा.

पायरी ४ : पैशाचा खुलासा लेखी घ्या

पेन्शन चालू असताना दुसरी सरकारी नोकरी लागली की वेतननिश्चिती होते. केंद्रातला नियम असा, की ५५ वर्षांच्या आत निवृत्त झालेल्या कमिशन्ड अधिकाऱ्याच्या पेन्शनमधले पहिले १५,००० रुपये सोडून द्यायचे आणि उरलेली पेन्शन वेतननिश्चितीत वजा धरायची. हवालदार किंवा जेसीओच्या बाबतीत सगळीच पेन्शन बाजूला ठेवतात. त्यामुळे एकाच कार्यालयात साहेबापेक्षा कल्याण संघटकाची एकूण आवक फार कमी नसते. त्यावर कुढू नका. राज्याच्या पदावर राज्याचे पुनर्नियुक्तीचे नियम लागतात. रुजू व्हायच्या आधी वेतननिश्चिती कशी होणार, हे पत्र लिहून विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

पुनर्नियुक्त अधिकाऱ्याला पेन्शनवरचा महागाई भत्ता सहसा मिळत नाही. रुजू झाल्याबरोबर ही माहिती संरक्षण पेन्शनच्या ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीवर भरा. भत्ता खात्यात येत राहिला म्हणून गप्प बसलेल्यांना तीन-चार वर्षांनी एकरकमी वसुली लागते, आणि मग तेच आपल्या कार्यालयात तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या रांगेत उभे. शिवाय १ नोव्हेंबर २००५ नंतर नेमणूक झालेल्यांना राज्याची जुनी निवृत्तिवेतन योजना नाही. एनपीएसचा, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेचा, हिशेब वेगळा समजून घ्या.

पायरी ५ : आयोग आणि मुलाखत

भरती महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत होते. अर्ज फार आले तर चाळणी परीक्षा, नाहीतर थेट मुलाखत. गमतीची गोष्ट, याच आयोगाचे अध्यक्षपद एका फौजी माणसाने भूषवलं आहे. कोल्हापूरकडचे लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात १९६१ साली सेनेतून निवृत्त झाले आणि पुढे आयोगाचे अध्यक्ष झाले. तेव्हा ‘आयोगाला फौजेतलं काय कळतं’ असं म्हणायची सोय नाही.

मुलाखतीत युद्धकथा सांगू नका. समोरच्यांना तुम्ही शूर आहात हे मान्यच असतं. तुम्ही फाइल वाचाल का, हे त्यांना बघायचं असतं. मला विचाराल तर हे प्रश्न तयार ठेवा. सेवेत असताना जवान आजाराने गेला तर पत्नीला कोणती पेन्शन मिळते, आणि सेवेशी संबंधित कारणाने गेला तर कोणती? साधारण कुटुंब पेन्शन ३० टक्के, पहिली काही वर्षं वाढीव ५० टक्के. विशेष कुटुंब पेन्शन ६० टक्के. युद्धात गेल्यास उदारीकृत कुटुंब पेन्शन १०० टक्के. हे आकडे तोंडपाठ हवेत. अपंगत्व पेन्शन नाकारली तर अपील कुठे करायचं आणि सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे कधी जायचं? त्या न्यायाधिकरणाचं एक खंडपीठ मुंबईत आहे. ग्रामपंचायत घरपट्टी माफ करत नसेल तर काय कराल? जिल्ह्यात माजी सैनिक कुठल्या तालुक्यात जास्त आहेत आणि का? साताऱ्याला अर्ज केला असेल आणि अपशिंगे माहीत नसेल तर अवघडच. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले.

पायरी ६ : पहिले तीन महिने

खुर्चीत बसलात की सगळ्यात आधी कळतं, की तुम्ही आहरण व संवितरण अधिकारी आहात. म्हणजे पगाराची बिलं, वीजबिल, शिष्यवृत्तीच्या रकमा, सगळ्यावर तुमची सही, आणि सही म्हणजे वैयक्तिक जबाबदारी. युनिटमध्ये हेडक्लार्कने पुढे केलेल्या कागदावर सही करायची सवय असते. इथे ती सवय मोडा. कॅशबुक स्वतः वाचा, चेकबुक स्वतःच्या कुलपात ठेवा, वसतिगृह असेल तर मेसच्या धान्याची नोंदवही महिन्यातून एकदा न सांगता उघडा. लेखापरीक्षणाचा आक्षेप तुम्ही बदलून गेल्यावर येतो आणि पेन्शनपर्यंत पाठ सोडत नाही. कार्यभार घेताना मागचे अनिर्णित आक्षेप यादीत लिहून घ्यायचे ते यासाठीच.

दुसरं, टिपणी लिहायला शिका. तुमचा प्रस्ताव पुण्याला आणि तिथून मंत्रालयात जातो. तिथे तुमच्या जोरदार फोनपेक्षा चार ओळी जास्त चालतात. उदाहरणार्थ:

‘प्रस्तुत प्रकरणी अर्जदार या दिवंगत हवालदारांच्या पत्नी असून त्यांचे ओळखपत्र या कार्यालयाने निर्गमित केलेले आहे. मुलीच्या विवाहासाठी आर्थिक मदतीचा अर्ज विहित मुदतीत प्राप्त झाला आहे. विवाह नोंदणी प्रमाणपत्र, मुलीचा जन्मदाखला व बँक पासबुकाची प्रत सोबत जोडली आहे. अर्जदारांनी यापूर्वी एका मुलीसाठी लाभ घेतला असून ही दुसरी मुलगी आहे. सबब, शिफारशीसह प्रस्ताव मान्यतेस्तव सादर.’

यात विशेषण एकही नाही. ‘गरीब बिचारी वीरनारी’ असं लिहिलेला प्रस्ताव कागद अपुरा असेल तर परत येतोच. वरची चौथी ओळ, आधी लाभ घेतल्याची, लोक लपवतात आणि तिथेच प्रकरण अडतं.

कार्यालयातल्या कल्याण संघटकाला जपा. बहुधा तो निवृत्त हवालदार किंवा सुभेदार असतो, तालुके पायाखालचे, कोणाच्या घरी काय चाललंय हे त्याला ठाऊक. त्याला चारचौघांत झापलंत, की गावागावातल्या बातम्या तुमच्यापर्यंत यायच्या बंद होतात. आणि खेड्यात प्रत्येक माजी सैनिकाला ‘मेजर’च म्हणतात. तुम्ही खरेच मेजर असाल तर हसून सोडून द्या.

पायरी ७ : एक प्रकरण जवळून

रोजच्या कामाचा मोठा भाग नावं आणि तारखा जुळवण्यात जातो. म्हणून एक नमुना सविस्तर.

सत्तरीच्या बाई येतात. सोबत भाचा. नवरा नाईक होता, दोन महिन्यांपूर्वी गेला, कुटुंब पेन्शन सुरू झालेली नाही. पिशवीतून कापडात गुंडाळलेलं डिस्चार्ज बुक, म्हणजे सेवामुक्तीचं पुस्तक, निघतं. त्यात पत्नी म्हणून नोंद ‘शालूबाई’. आधारवर ‘शालन’. जन्मसाल पीपीओत एक, आधारवर चार वर्षांनी पुढचं, कारण आधार काढताना भाच्याने अंदाजे सांगितलं. ‘स्पर्श’वर अर्ज भरला तर नाव जुळत नाही असा शेरा.

इथे घाई करणारा अधिकारी शपथपत्र करून आणा असं सांगून मोकळा होतो. बाई तहसीलला जातात, स्टॅम्पचा खर्च, वकिलाचे पाचशे, आणि शपथपत्रावर जन्मतारखेचा उल्लेखच नाही. परत फेरी. त्यापेक्षा पहिल्याच दिवशी असं करा. डिस्चार्ज बुकाचं प्रत्येक पान स्वतः चाळा. विवाहाची पार्ट टू ऑर्डर (सेवेच्या नोंदीत बदल करणारा युनिटचा आदेश) निघाली होती का, तिचा नंबर आणि तारीख कुठे लिहिली आहे का, ते शोधा. सापडला तर निम्मं काम झालं, कारण रेकॉर्ड ऑफिस त्या नंबरवरून मूळ नोंद काढू शकतं. मग शपथपत्राचा मसुदा तुमच्या कार्यालयातूनच टाइप करून द्या. त्यात दोन्ही नावं, दोन्ही जन्मसालं, ‘या दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती मी स्वतः’ हे वाक्य, नवऱ्याचा सैनिक क्रमांक आणि रेजिमेंट. ग्रामपंचायतीचा दाखला त्याच दोन नावांनिशी. मृत्यू दाखला, बँक पासबुक, पॅन आणि दोघांचा एकत्र फोटो. तो नसेल तर मुलाच्या लग्नाच्या अल्बममध्ये बहुधा असतो.

हे सगळं तुमच्या पत्रासोबत रेकॉर्ड ऑफिसला जातं. तिथून प्रयागराजच्या पेन्शन लेखा कार्यालयाकडे, आणि दुरुस्तीचा पीपीओ निघतो. मधल्या काळात जावक क्रमांक कागदाच्या तुकड्यावर ठळक लिहून बाईंना द्या आणि पुढच्या चौकशीची तारीख तुमच्या डायरीत लिहा. फोन तुम्ही करायचा, बाईंनी नाही.

एक नियम कधीही मोडू नका. मूळ डिस्चार्ज बुक पोस्टाने पाठवायचं नाही आणि कार्यालयात रात्रभर ठेवायचं नाही. झेरॉक्स काढा, साक्षांकित करा, पुस्तक त्याच कापडात गुंडाळून परत हातात द्या. ते हरवलं तर त्या घराकडे दुसरा पुरावा नसतो.

वर्षाचं चक्र

जून-जुलैत वसतिगृहांचे प्रवेश आणि शैक्षणिक मदतीचे अर्ज. पंतप्रधान शिष्यवृत्ती योजनेत देशभरात दरवर्षी ५,५०० शिष्यवृत्त्या असतात, मुलींना महिना ३,००० आणि मुलांना २,५०० रुपये. अर्ज ऑनलाइन, पण पडताळणी तुमच्याकडे. मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात सर्व्हर झोपतो, हे गृहीत धरून माजी सैनिकांच्या मेळाव्यांत आधीच तारीख सांगत राहा.

केंद्रीय सैनिक बोर्डाच्या मदतीचे दर १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांसाठी दुप्पट झाले. पेन्शन नसलेल्या ६५ वर्षांवरील माजी सैनिकांना आणि विधवांना महिना ८,००० रुपये, दोन मुलांपर्यंत शिक्षणासाठी प्रत्येकी महिना २,०००, मुलीच्या लग्नासाठी एक लाख. ही मदत हवालदार हुद्द्यापर्यंतच आहे. गावोगाव जुन्या दरांचे फलक लागलेले असतील, ते आधी बदला.

नोव्हेंबर हयातीच्या दाखल्याचा. त्या महिन्यात दौरे काढू नका. गर्दी असते आणि साहेब जागेवर नाहीत याचा राग लोक वर्षभर धरतात. बोटांचे ठसे उमटत नाहीत अशा म्हाताऱ्यांसाठी चेहऱ्यावरून ओळख पटवणारं ॲप कार्यालयातल्या दोघांना तरी वापरता यायला हवं.

७ डिसेंबर ध्वजदिन, १९४९ पासून. निधी संकलनाचं उद्दिष्ट जिल्ह्याला मिळतं, जिल्हाधिकारी ते खात्याखात्यांत वाटून देतात, आणि वसुलीच्या मागे फिरायचं तुम्ही. मला हे काम कधीच आवडलं नाही. पण जिल्ह्यातल्या प्रत्येक खातेप्रमुखाच्या केबिनमध्ये बसायचं निमित्त यातूनच मिळतं. त्या ओळखी पुढे तहसीलदाराकडे अडकलेल्या फेरफारासाठी कामी येतात, म्हणून पावतीपुस्तक लिपिकाच्या हाती न पाठवता स्वतः घेऊन जा.

जिथे अधिकार नाहीत तिथे काय करायचं

येणाऱ्या तक्रारींत बांधाची भांडणं कमी नसतात. जवान सीमेवर, इकडे चुलतभावाने दोन सरी रेटल्या. तुम्हाला ना मोजणीचे अधिकार, ना पोलिसांचे. तुम्ही तहसीलदाराला पत्र देऊ शकता, प्रत पोलीस ठाण्याला, आणि जिल्हा सैनिक मंडळाच्या बैठकीत तो विषय पटलावर घेऊ शकता. शेवटचा उपाय सगळ्यात चालतो, कारण तिथे जिल्हाधिकाऱ्यांसमोर इतिवृत्तात नोंद होते. बैठक वेळेवर लावणं आणि इतिवृत्त आठ दिवसांत सगळ्यांना पाठवणं ही तुमची खरी ताकद. अर्जदाराची बाजू मात्र एकतर्फी घेऊ नका. कधीकधी सरी रेटणारा आपलाच माजी सैनिक असतो.

घरपट्टीचंही तसंच. २०२० पासून बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजनेखाली माजी सैनिक आणि सैनिक विधवांना एका निवासी मालमत्तेवरची करमाफी आहे. तरी कुठे कुठे ग्रामसेवक ‘आमच्याकडे जीआर आला नाही’ म्हणतो. प्रमाणपत्र देताना त्यामागे शासन निर्णयाची प्रत स्टेपल करूनच द्या, म्हणजे अर्धे वाद दारातच संपतात.

पुढची दोन वर्षं

आता या पदावर येणाऱ्याला एक नवा गठ्ठा हाताळायचा आहे. भूदलातल्या अग्निवीरांची पहिली तुकडी २०२३च्या जानेवारीत प्रशिक्षणाला गेली, म्हणजे २०२६ संपता संपता ती मुलं परतू लागतील. चारातला एक जण सेनेत राहील. बाकीच्यांच्या हाती सेवानिधीचे सुमारे ११.७१ लाख रुपये असतील, पेन्शन आणि ग्रॅच्युइटी नसेल, आणि आजच्या व्याख्येत ते माजी सैनिकही नाहीत. मेळाव्याच्या मंडपात मात्र ती येणारच, आणि बाप निवृत्त हवालदार असेल तर त्याच्या ओळखीने थेट तुमच्या टेबलापर्यंत. त्यांच्यासाठी वेगळी नोंदवही आजच उघडा: नाव, तालुका, ट्रेड, कौशल्य प्रमाणपत्र आहे का, ड्रायव्हिंगचा परवाना कोणत्या वर्गाचा, पोलीस भरतीचं वय कधी संपतं. निमलष्करी दलांत माजी अग्निवीरांसाठी राखीव जागा जाहीर झाल्या आहेत. प्रत्येक दलाची जाहिरात निघाली की या वहीतल्या पात्र मुलांना कार्यालयातून फोन जायला हवा. ओळखपत्र देता येत नसलं तरी फोन करायला कुठल्याही शासन निर्णयाची गरज नाही.